नाकपुडीचा फोटो कुणीच काढला नव्हता: घोडबंदर रोडवरच्या एका घोरपडीचं प्रकरण

हे प्रकरण घोडबंदर रोडला, खाडीच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या सोसायटीतलं. सोसायटी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांच्याबद्दलचे काही तपशील गाळलेत, काही बदललेत. प्राण्याबद्दलचं सगळं जसंच्या तसं आहे. मुख्य चूक माझीच असल्यामुळे ती लिहायला कुणाला विचारावं लागलं नाही.

पार्श्वभूमी

मी ठाण्यात अकरा वर्षं सर्पमित्र म्हणून काम करतो. पावसाळ्यात फोन थांबत नाहीत. धामण, दिवड, नाग, कधी घोणस. घोरपडीचा फोन महिन्याकाठी एखादा येतो आणि समोरचा माणूस सहसा ‘घोरपड’ म्हणत नाही. मगरीचं पिल्लू, मोठी पाल, डायनासोर, आणि अलीकडे कोमोडो ड्रॅगन, असं काहीही म्हणतो.

घोडबंदर रोडची जागाच मोठी चमत्कारिक. एका बाजूला येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरं. मधल्या पट्ट्यात टॉवर. डोंगरातले नाले रस्त्याखालून, टॉवरांच्या कुंपणाला चिकटून खाडीला जाऊन मिळतात. जोराच्या पावसात या नाल्यांतून काय खाली येईल याचा नेम नाही. त्यामुळे इथे सापडलेला प्राणी डोंगराचा, खाडीचा की कुणाच्या बाल्कनीतला, हे जागेवरून सांगता येत नाही.

आता घोरपडीबद्दल. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. सगळीकडे आढळणारी आपली नेहमीची घोरपड, म्हणजे बंगाल मॉनिटर. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातली वाळवंटी घोरपड. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातली पिवळी घोरपड. आणि चौथी पाणघोरपड, म्हणजे वॉटर मॉनिटर, जी सुंदरबन, ओडिशातलं भितरकनिका, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबारला असते. नावात ‘बंगाल’ असलं तरी ठाण्यात भेटते ती पहिली. मराठीत बहुतेकांना ‘घोरपड’ हा एकच शब्द पुरतो, कारण दारात एकच जात आहे. श्रीलंकेत ही घोरपड आणि पाणघोरपड दोन्ही गावागावात दिसतात, तर सिंहली माणसाकडे रोजच्या बोलण्यात दोन वेगळे शब्द आहेत: आपल्याकडच्या जातीला तलगोया आणि पाणघोरपडीला कबरगोया. तिथलं शाळकरी पोरही दोघींत गल्लत करत नाही. मी केली.

समस्या

जुलैतला रविवार. रात्रभर पाऊस. सकाळी पावणेआठला सेक्रेटरी मॅडमचा फोन: “दादा, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये मगर शिरलीय, लहान आहे, पण मगरच.” पाठोपाठ नऊ सेकंदांचा व्हिडिओ. गुडघाभर गढूळ पाणी, दोन स्कूटर, आणि त्यांच्या मधून शेपटी वळवत पोहत जाणारा हातभर लांबीचा प्राणी. अंग काळपट, पाठीवर पिवळ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी.

मगर नव्हती हे उघड होतं. पण ठिपके बघून माझं डोकं पाणघोरपडीकडे गेलं. त्याची कारणं त्या वेळी मला पक्की वाटली होती. एक, पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी ही पाणघोरपडीची ओळख म्हणून सगळीकडे छापलेली असते. दोन, प्राणी आरामात पोहत होता. तीन, खाडी तीनशे पावलांवर. आणि चौथं कारण प्राण्याचं नव्हतंच: याच सोसायटीत एक कॉलेजचा मुलगा ‘एक्झॉटिक पेट्स’ पाळतो असं कधीतरी कानावर आलं होतं. परदेशातून चोरून आणलेल्या घोरपडी विमानतळांवर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

मी लिहिलं: “वॉटर मॉनिटर दिसतोय. आपल्याकडचा नाही. कुणीतरी पाळलेला सुटला असावा.” मॅडमनी ते पुढे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. मी बाईक काढून तिथे पोचेपर्यंत पन्नासेक मिनिटं गेली. तेवढ्यात ग्रुपवर त्या मुलाचा फ्लॅट नंबर आला होता, दोन जण पोलिसांना बोलवा म्हणत होते आणि खाली लॉबीत त्याची आई रडवेली होऊन उभी होती.

म्हणजे मी पोचलो तेव्हा प्रश्न दोन झाले होते. एक पाण्यात, एक लॉबीत. दुसरा माझ्या तीन वाक्यांतून निघालेला.

जात ओळखण्याने फरक काय पडतो?

कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही, आणि हे अनेकांना ठाऊक नसतं. चारही घोरपडी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. यातली कुठलीही पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षं आणि दंड कमीत कमी २५,००० रुपये. मीसुद्धा वन विभागाला कळवल्याशिवाय तिला पोत्यात घालू शकत नाही.

फरक पडतो तो ‘सोडायची कुठे’ या प्रश्नात. स्थानिक घोरपड असेल तर तिला जिथे सापडली त्याच्या जवळपासच सोडायला हवं. जागा बदलली की तिची बिळं, भक्ष्याच्या जागा, लपायच्या फटी सगळं हातचं जातं. पाणघोरपड असेल तर मात्र ती इथे सोडणं म्हणजे खाडीत परका शिकारी सोडणं, तोही वाढल्यावर दोन मीटरच्या पुढे जाणारा. त्या प्राण्याची रवानगी वन विभागाच्या ताब्यात, पुढे तपास. एकीला सोडायलाच हवं, दुसरीला सोडायचंच नाही. चूक कुठल्याही बाजूने झाली तरी ती निस्तरता येत नाही.

आता मुळातली गोम. आपल्या घोरपडीचं मोठं जनावर राखी-तपकिरी, मातकट असतं. पण पिल्लं तशी नसतात. त्यांचं अंग गडद असतं, पाठीवर काळ्या कडेचे पिवळसर ठिपके आडव्या ओळींत असतात, पोटावर काळपट पट्टे. वय वाढेल तसं हे पुसट होत जातं. पाणघोरपडीचं पिल्लूही काळपट, पिवळ्या ठिपक्यांच्या ओळींचंच. पोहण्याचं म्हणाल तर आपली घोरपडही उत्तम पोहते आणि पाण्याखाली पंधरा मिनिटांहून जास्त राहू शकते. शेपटी दोघींचीही बाजूने चपटी. म्हणजे व्हिडिओत जे जे दिसत होतं, ते ते दोघींनाही लागू होतं. माझी चारही कारणं त्या नऊ सेकंदांत एकही फरक सांगत नव्हती.

फरक सांगतं नाक. आपल्या घोरपडीची नाकपुडी म्हणजे तिरकी फट, आणि ती मुस्कटाच्या टोकापेक्षा डोळ्याला किंचित जवळ असते. पाणघोरपडीची नाकपुडी गोल किंवा लंबगोल, आणि टोकाच्या जवळ. टोकापासून जेवढी लांब, त्याच्या साधारण दुप्पट डोळ्यापासून लांब. दुसरी खूण डोळ्यांच्या वर: पाणघोरपडीत तिथे खवल्यांची एक रांग आडवी रुंद होऊन ठळक उठते, आपल्या घोरपडीत ती जेमतेम मोठी असते. उरलेल्या दोघी इथे निव्वळ नियम म्हणून तपासायच्या: वाळवंटीची शेपटी गोलसर, पिवळीची नाकपुडी फटीसारखीच पण टोकाकडे झुकलेली आणि बोटं आखूड.

पर्याय

बेसमेंटच्या उतारावर उभं राहून मी, सेक्रेटरी मॅडम आणि कमिटीचे दोन काका बोलत होतो. (‘बोलत होतो’ हे सौम्य झालं.)

पहिला पर्याय, काहीच करायचं नाही. पाणी ओसरलं की प्राणी उतार चढून जाईल. एरवी मी हाच सल्ला देतो. दहापैकी सात फोनांवर घोरपडीला वाट मोकळी ठेवली की काम होतं. पण इथे पाणी उपसायचा पंप लावायचा होता, गाड्या काढायला माणसं खाली उतरणार होती आणि दोघांच्या हातात काठ्या होत्या. घोरपड कोपऱ्यात सापडली की फुत्कारते, शेपटीचा फटका देते, चावतेही. बिचारीची दुभागलेली जीभ बघून लोक तिला सापाच्या हिशेबात धरतात.

दुसरा पर्याय काकांचा: पकडा आणि मागे तिवरांत सोडून द्या, पाच मिनिटांचं काम. तिसरा मॅडमचा: येऊरला नेऊन सोडा, तिथे जंगल आहे. दोन्हींत एकच खोट होती. जात ठाऊक नसताना सोडणं. शिवाय जंगल म्हणजे सगळ्या प्राण्यांचं माहेर अशी एक समजूत शहरात आहे, तिला उत्तर द्यायची ती वेळ नव्हती.

चौथा पर्याय: वन विभागाला कळवून पकडायचं, जात नक्की होईपर्यंत ठेवायचं, मग ठरवायचं. यात तोटा असा की प्राणी काही तास पिशवीत राहतो. आणि मला आधीचं वाक्य सगळ्यांसमोर मागे घ्यावं लागतं. हे दुसरं कारण त्या वेळी मला जास्त जड गेलं.

याच गडबडीत सोसायटीचे माळीकाका मागून म्हणाले, “ही घोरपडच आहे. पिल्लू आहे म्हणून ठिपके.” काका मूळचे मुरबाडकडचे. त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. मी मान डोलावली आणि पुढे गेलो. पुढचं वाक्य त्यांनी असं टाकलं: “पण चंदन घोरपड आहे, हात लावू नका, विषारी असते.” हे ऐकून मी त्यांचं पहिलं वाक्यही मनातल्या मनात खोडून टाकलं. ठिपकेवाली लहान घोरपड ही वेगळी आणि जहरी जात, हा समज पश्चिम भारतात जुना आहे; कुठे तिला बिसकोबरा म्हणतात. तो खोटा आहे. घोरपडीच्या चाव्याने जखम होते, ती चिघळू शकते, पण नाग-घोणशीसारखा त्यात जीव जात नाही. मात्र माणूस विषाबद्दल चुकला म्हणून जातीबद्दलही चुकलेला असतो, असं नाही.

काय केलं

१९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवलं, ओळखीच्या वनरक्षकांनाही फोन केला. ते निघाले. तोवर पंप बंद, काठ्या वर, उतारावर फक्त मी आणि वॉचमन. साडेनऊला वनरक्षक आले. पिल्लू स्कूटरच्या मडगार्डवर चढून बसलं होतं. मान आणि कंबर धरून उचललं, सुती अभ्र्यात घातलं, अभ्रा भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये. शेपटीसह लांबी ४१ सेंटीमीटर.

मग मी फोटो काढले आणि ओळखीच्या एका सरीसृप-अभ्यासक मॅडमना पाठवले. सात फोटो. पाठ, पोट, ठिपक्यांचा क्लोजअप, शेपटी, पंजे, समोरून चेहरा, वरून डोकं. त्यांचं उत्तर एका ओळीचं: “रंग नको, नाक पाठवा. बरोबर बाजूने.”

सात फोटोंत नाक दोनदा होतं, आणि दोन्हींत फसवं. समोरून तिरका काढला की मुस्कट आखूड दिसतं आणि नाकपुडी टोकाकडे सरकल्यासारखी वाटते. त्या फोटोवर मी अजूनही ‘पाणघोरपड’ म्हणालो असतो. शिवाय नाकपुडीवर चिखल बसला होता. घोरपड नाकपुड्या मिटून घेऊ शकते, पाण्यात असताना घेतेच. चिखल आणि मिटलेली नाकपुडी मिळून तिथे नुसता एक काळा ठिपका दिसत होता. गोल, छान, पाणघोरपडीसारखा.

वनरक्षकांनी डोकं धरलं, मी ओल्या कापसाने चिखल पुसला आणि थांबलो. दोन-तीन मिनिटांत नाकपुडी उघडली. तिरकी फट. शेजारी सहा इंची पट्टी धरून डोक्याच्या अगदी काटकोनात फोटो घेतला. मुस्कटाच्या टोकापासून नाकपुडी ८ मिलिमीटर, तिथून डोळा ७. पाणघोरपड असती तर हेच गणित साधारण ५ आणि १० असं आलं असतं. डोळ्यांवरच्या खवल्यांत ठळक रुंद रांग नव्हती. अभ्यासक मॅडमचा निरोप आला: बंगाल मॉनिटर, बहुधा गेल्या वर्षभरातलं पिल्लू.

पंचनाम्याची गंमत सांगायची राहिली. मॅडमचा निरोप यायच्या आधीच वनरक्षकांनी लिहायला घेतला होता आणि मला विचारलं, “दादा, वॉटर मॉनिटर लिहू ना?” सकाळचा मेसेज त्यांच्यापर्यंतही पोचला होता. मी म्हटलं, ‘घोरपड, जात तपासायची आहे’ असं लिहा. अख्ख्या दिवसात मी वेळेवर घेतलेला हा एकच निर्णय. ते ‘वॉटर मॉनिटर’ लिहून बसले असते, तर कागद पुढे सरकला असता, मुलाच्या घरी चौकशी गेली असती आणि प्राणी एखाद्या पिंजऱ्यात महिनोन्महिने ‘मुद्देमाल’ म्हणून पडला असता.

निष्पत्ती

वनपालांशी बोलून त्याच दिवशी चारच्या सुमारास पिल्लू सोडलं. तिवरांत नाही, येऊरलाही नाही. सोसायटीच्या मागे नाल्याकाठी एक मोकळा प्लॉट आहे, शेवरी आणि सुबाभळीची झाडी, जुन्या भिंतीचे दगड. सापडल्या जागेपासून दीडेकशे मीटर. जागा माळीकाकांनी दाखवली. तिथे दोन वर्षं एक मोठी घोरपड उन्हाला बसते, भिंतीच्या फटीत जाते, हे त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, “काका, सकाळी का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “सांगितलं की.”

मुलाच्या घरी मी संध्याकाळी गेलो. त्याच्याकडे दोन फिशटँक होते आणि त्यांत मासे. बस. ‘एक्झॉटिक पेट्स’ म्हणजे तेवढंच. मी ग्रुपवर लिहायला सांगितलेला खुलासा सेक्रेटरी मॅडमनी टाकला: प्राणी स्थानिक आहे, कुणीही पाळलेला नव्हता, सकाळची माहिती चुकीची होती. सकाळच्या मेसेजवर शंभराच्या वर प्रतिक्रिया होत्या. खुलाशावर चार अंगठे. मुलाची आई मला चहा विचारल्याशिवाय राहिली नाही, पण मुलगा खोलीतून बाहेर आला नाही. त्याची बाजू मला पटते.

आता काय वेगळं केलं असतं

व्हिडिओवर जात सांगायचीच नव्हती. “घोरपडीसारखा प्राणी आहे, लांब राहा, येतो” एवढ्याने काम भागलं असतं. मी तसं का केलं नाही, याचा विचार केला तर उत्तर फारसं गौरवाचं नाही: लोक नाव विचारतात आणि नाव लगेच सांगता येणं हीच आपली पत, असं या कामात वाटू लागतं.

‘पाळलेला असावा’ हे तर प्राण्याबद्दलचं विधान नव्हतंच, माणसांबद्दलचं होतं. तशी शंका आली तर ती वनरक्षकांच्या कानावर घालायची असते, ग्रुपवर नाही. शंका खरी निघाली असती तरीही. आणि खरी निघणं अशक्य नव्हतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. ठाण्यात उद्या खरोखरची पाणघोरपड सापडू शकते. या प्रकरणावरून ‘ठिपकेवाली असली तरी आपलीच असणार’ असा उलटा धडा घेणं तितकंच घातक.

माळीकाकांना आधी विचारायला हवं होतं. जात ओळखायला नव्हे, तर इथे आधी काय दिसलंय हे कळायला. मोठी घोरपड शेजारी राहते हे सकाळी साडेआठला समजलं असतं तर माझा पहिला अंदाज जागीच डळमळला असता.

पिल्लू साडेसहा तास पिशवीत राहिलं. त्यातले दोन तास माझ्या चुकीच्या फोटोंमुळे गेले. आता माझ्या किटमध्ये पट्टी, कापूस आणि पाण्याची बाटली कायम असते, आणि घोरपडीच्या फोनवर मी एक तयार मेसेज पाठवतो: “जवळ जाऊ नका. झूम करून डोक्याचा बाजूने फोटो मिळाला तर पाठवा, नाक आणि डोळा दोन्ही दिसतील असा.” एका आजोबांनी यावर स्वतःचा फोटो पाठवला होता. बाजूने, नाक आणि डोळा दोन्ही दिसत होते.

सप्टेंबरात त्याच सोसायटीतून पुन्हा मेसेज आला. या वेळी तिसऱ्या मजल्यावरून काढलेला फोटो, कुंपणाच्या भिंतीवर पसरलेलं लहानसं ठिपकेदार जनावर, मान वळवलेली. नाक होतं, पण झूम केल्यावर नुसते चौकोन. तासाभराने ते आपलं आपण झाडीत गेलं. वहीत नोंद केली: घोरपड, पिल्लू, जात नक्की नाही. सेक्रेटरी मॅडमनी विचारलं, “तेच आहे का हो आपलं?” मी तेही नक्की नाही असंच कळवलं.